पाचांतलं दुसरं चित्र

एकाच वस्तूकडे सलग नऊ दिवस पाहत बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते घाईतल्या जगाला कधीही दिसत नाही. हे मी अधिकारानं सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, धारवाडातल्या माझ्या घरामागच्या कढीपत्त्याच्या झाडाजवळ प्लास्टिकचं स्टूल टाकून, मी रोज सकाळी तीन तास, असे नऊ दिवस, करंगळीच्या नखाएवढ्या एका जिवाकडे पाहिलं आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर त्याचं चित्र काढलं. या काळात जगाला न दिसलेलं बरंच काही मला दिसलं. त्यातलं काही तिथं नव्हतंही, पण ते पुढं येईलच.

चित्र खरं म्हणजे माझं नव्हतं, अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. इथल्या एका शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जलरंगात लहान लहान चित्रं काढायला घेतली. पानं, शेंगा, किडे, गोगलगाई. फुलं नाहीत. फुलं काढणारे पुष्कळ आहेत, त्यांना काढू दे की, असं तिचं म्हणणं.

तिचा सगळ्यांत मोठा बेत पाच चित्रांचा होता. कढीपत्त्यावर एक काळं फुलपाखरू अंडी घालतं. त्याचा जन्मापासूनचा प्रवास: अंडं, लहान अळी, मोठी हिरवी अळी, कोष आणि फुलपाखरू. यांतली लहान अळी म्हणजे निसर्गाचा एक चावट विनोद आहे. ती दिसायला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते. काळपट तपकिरी अंग, मधे पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पक्षी तिच्याकडे बघतात, ही वस्तू आपण आधीच खाल्लेली आहे असं समजतात आणि पुढं जातात.

अक्कानं बाकीची चार चित्रं काढली आणि हे दुसरं, सगळ्यांत अवघड म्हणून, शेवटाला ठेवलं. तेवढ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. औषध चालू झालं, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. त्याबद्दल ती बोलत नाही. चहा अर्धाच कप घेते, एवढंच. मधे बँकेनं, तुमची सही तुमच्या सहीशी जुळत नाही, असं तिला कळवलं, तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." आणि ब्रश धुऊन, पुसून, डब्यात ठेवून दिले.

मग शाळेत नवी प्रयोगशाळा बांधून झाली. मुख्याध्यापक तिचेच जुने विद्यार्थी. ते घरी आले, पाया पडले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची चित्रं भिंतीवर लावायची. उद्घाटनाला पाहुणे बोलावलेत."

"चारच आहेत."

"चार तर चार. पाचव्याची जागा मोकळी ठेवू या."

"म्हणजे पोरांना वाटेल, अंड्यातनं डायरेक्ट हिरवी अळी बाहेर पडते," अक्का म्हणाली. "चुकीचं शिकवण्यापेक्षा भिंत कोरी असलेली बरी. पाच झाली तर पाच देते, नाही तर एक पण नाही."

मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले. मी तिथं बिस्किट खात बसलो होतो. ते गेल्यावर अक्काही माझ्याकडं बघायला लागली.

"तुझा हात स्थिर आहे, तम्मा," ती म्हणाली. कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या बासष्टाव्या वर्षीही मी तिचा तम्माच आहे. "डोक्याचं मी बघते."

मी वकील. दिवाणी. आयुष्य बांधाचे आणि बोळांचे दावे चालवण्यात गेलं. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून "तुम्ही नक्की पाहिलंत? किती अंतरावरून? उजेड कसा होता?" असं विचारणं हा माझा व्यवसाय. माणसं डोळ्यांसमोरचं सुद्धा नीट पाहत नाहीत, यावर माझा संसार चालला. निवृत्तीनंतर वर्षभर मी अक्काकडं हात साफ करत होतो. एक कांदा, दोन पेरू आणि शिरीषाची एक शेंग एवढी कामं झाली होती. शेंग तिला बरी वाटली होती.

या प्रकारच्या चित्रकलेबद्दल लोकांचा समज असा, की त्यात हात चालतो. हात फार थोडा चालतो. बहुतेक वेळ वाळायची वाट बघण्यात जातो. गुळगुळीत जाड कागद घ्यायचा, कडक पेन्सिलनं जेमतेम दिसेल अशी रेघ काढायची, मग पाण्यासारखा पातळ रंग लावायचा आणि थांबायचं. वाळला की दुसरा थर. पुन्हा थांबायचं. असे आठ-दहा थर झाले की तीन शून्यांचा ब्रश, म्हणजे ज्याला ब्रश म्हणायचं की पापणीचा केस असा प्रश्न पडतो तो, जवळजवळ कोरडा करून ठिपका ठिपका टेकवायचा. अक्काचे नियम दोन. काळा रंग वापरायचा नाही, काळं दिसतं ते निळं आणि तपकिरी मिळून करायचं. आणि पांढरा रंग पेटीत ठेवायचाच नाही. "पांढरं रंगवायचं नसतं, सोडायचं असतं," असं ती म्हणायची. ते ऐकून मला वाटायचं, की यात काही तरी तत्त्वज्ञान असणार. नव्हतं. पांढरा रंग वर लावला की खडूसारखा दिसतो, एवढंच.

पहिल्या दिवशी अक्का स्वतः आली. झाडाभोवती फिरून तिनं एका काडीवरच्या खालच्या पानावर अळी शोधून काढली. मी भिंग धरून पाहिली. खरोखरच ती किळसवाणी आणि सुरेख होती. अक्का मागं उभी राहून सांगत गेली आणि मी पेन्सिलनं काडी, तिची अकरा पानं आणि अळीची बाहेरची रेघ काढली. काडी कापून बाटलीत ठेवू का विचारलं, तर म्हणाली, "नको. बाटलीतनं चालायला लागते. झाडावरच राहू दे."

आणि दुसऱ्याच दिवशी तिला हुबळीला जावं लागलं. तिकडं तिची मुलगी जिन्यावरून पडली होती, पायाला प्लास्टर होतं. "दहा दिवसांत येते," अक्का म्हणाली. "रोज फोन कर. आणि घाई करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल टाकलं तर अळी खालच्या पानावर नव्हती. दोन पानं वर सरकली होती. मी फोन केला.

"रात्री खायला सरकतात," अक्का म्हणाली. "आहे तिथं काढ."

मी बघितलं तर आदल्या दिवशीची रेघही चुकलेली निघाली. अळी मी काढली होती त्यापेक्षा आखूड आणि एका टोकाला रुंद होती. अक्कासमोर दडपणामुळं झालं असणार, असं म्हणून मी ती खोडली आणि वरच्या पानावर नीट मोजून नवी काढली. खोडलेल्या जागी कागदाचा पोत गेला, तिथं रंग धरेना, म्हणून ते खालचं पान मी रंगवायचं ठेवूनच दिलं.

त्यानंतर मात्र काम फार छान चाललं. मॉडेल म्हणून ती अळी अप्रतिम होती. हलायची नाही. माझी शिरीषाची शेंगसुद्धा वाऱ्यानं हलत होती, ही नाही. मी तिच्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडा टिपल्या, तपकिरी भागातले सात वेगवेगळे तपकिरी ओळखले, एका कडेला पिवळसर झाक होती ती पकडली. चौथ्या दिवशी मला तिच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली होती.

शेजारी एक इंजिनिअर राहतात. इथल्याच बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, रागावले की दोन्ही. त्यांनी कंपाउंडवरून मान वर काढली.

"काय माडाकत्तीरी, काय करताय वकीलसाहेब? चार दिवस बघायलोय, झाडाला तोंड करून बसलाय."

"चित्र काढतोय."

"कशाचं?"

मी ब्रशच्या टोकानं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, टाचा उंच करून नीट बघितलं.

"हे? हे पक्ष्याची घाण की हो!"

अशा क्षणाची मी वाट बघत होतो. मी त्यांना समजावून सांगितलं. निसर्गात सोंग घेणं कसं असतं, पक्षी कसे फसतात, सामान्य माणसाची नजर कशी फसते आणि सवयीनं ती कशी तयार करता येते. सुमारे दहा मिनिटं बोललो असेन. ते शांतपणे ऐकत होते.

"हौद्री, हौद्री," म्हणजे हो हो, असं म्हणून ते घरात गेले. आतून त्यांच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी तो मनावर घेतला नाही.

अक्काला रोज फोन चाललेच होते. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "मोठी झाली काय रे?"

"तशीच आहे."

"तशीच?" ती म्हणाली. "थंडी पडली आहे. थंडीत हळू वाढतात."

सहाव्या दिवशी अळीच्या अंगावर बारीक भेगा दिसायला लागल्या. मी उत्साहानं कळवलं.

"कात टाकायची तयारी असेल," अक्का म्हणाली. "मग आवर लवकर. टाकली की रूप बदलतं."

आता माझी तिच्याशी शर्यत लागली. सकाळचे तीन तास पुरेनात, पण उजेड बदलला की सावल्या बदलतात म्हणून थांबावं लागे. मी एकेक भेग मोजून काढली. नवव्या दिवशी शेवटचा ठिपका टेकवला, भिंगातून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आपण केलेल्या कामाचं आश्चर्य वाटलं. दाव्याचा निकाल आपल्या बाजूनं लागल्यावरही असं वाटलं नव्हतं. तेव्हा तर अनेकदा वेगळ्याच प्रकारचं आश्चर्य वाटायचं.

दहाव्या दिवशी अक्का परतली. उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. चार चित्रं हुबळीच्या कमरीपेठेतल्या फ्रेमवाल्याकडं तयार होती, तो पाचव्यासाठी रिकामी फ्रेम घेऊन बसला होता. अक्का माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली, टेबलावर कोपर टेकवून तिनं भिंग धरलं, आणि बराच वेळ बघत राहिली. मी नम्र चेहरा करून उभा होतो.

"काम चांगलं झालंय," ती म्हणाली. "शेंगेपेक्षा पुष्कळ चांगलं."

"तूच शिकवलंस."

"हे कशाचं आहे?"

"अळीचं."

"हलली होती?"

"पहिल्या रात्री सरकली. नंतर नाही."

"आठ दिवस?"

"मॉडेल म्हणून फारच..."

"पान खाल्लेलं दिसलं?"

"नाही. मिताहारी वाटली."

"तोंड कुठल्या बाजूला आहे?"

मी चित्राकडं पाहिलं. तपकिरीचे सात प्रकार मला माहीत होते. तोंड कुठं आहे हा प्रश्न मला पडला नव्हता.

"दुसऱ्या कुणी बघितलं?"

"शेजाऱ्यांनी."

"काय म्हणाले?"

उलटतपासणीत एक क्षण असा येतो, की साक्षीदार गप्प बसतो आणि वकिलानं पुढं काही विचारायचं नसतं. मी तो क्षण शेकडो वेळा बाहेरून पाहिला होता.

अक्का उठली. मागच्या दारानं झाडाजवळ गेली. मी मागोमाग गेलो. तिनं खाली पडलेली एक काटकी उचलली आणि माझ्या मॉडेलला हलकेच टोचलं. त्याचा भुगा होऊन खाली पडला.

आम्ही दोघं त्या भुग्याकडं बघत उभे राहिलो. मग अक्का हसायला लागली. झाडाला धरून हसली, स्टुलावर बसून हसली, पदरानं डोळे पुसून पुन्हा हसली.

"पहिल्याच रात्री गेली असेल ती," ती म्हणाली. "नाही तर सकाळी उठून पक्ष्यानं खाल्ली. आणि तिचाच ऐवज इथं ठेवून गेला असेल, तर तम्मा, मॉडेल तेच होतं म्हणायला हरकत नाही."

हसणं संपलं तसा तिचा चेहरा उतरला. "मुख्याध्यापकांना फोन लाव," ती म्हणाली. "चित्रं देत नाही म्हणून सांग. पाहुण्यांना दुसरं काही दाखवा म्हणावं."

"तशीच देऊ या ना. कोण ओळखणार?"

"मी," अक्का म्हणाली.

मी फोन आणायला वळलो तेवढ्यात बायको फोडणीसाठी पानं तोडायला आली. काय झालंय ते तिला सांगितलं. ती हसली नाही, म्हणजे माझ्यासमोर नाही. तिनं डाव्या बाजूची एक फांदी खाली ओढली, दोन काड्या उलटून पाहिल्या आणि म्हणाली, "ही बघा. अशी पाहिजे ना? अहो, पानं धुताना रोज निघतात या. मी झटकून टाकते." सगळं मिळून तिला अर्धं मिनिट लागलं होतं.

अळी जिवंत होती. काटकी लावल्यावर तिनं डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि घाण वास सोडला. नऊ दिवसांत माझ्याशी कुणी असं वागलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"पण दोन दिवसांत माझ्यानं नवं चित्र होणार नाही," मी म्हणालो.

अक्का ऐकत नव्हती. ती चित्रातल्या त्या खालच्या, मी न रंगवलेल्या पानाकडं बघत होती. तिथं पहिल्या दिवशीची खोडलेली रेघ अजून अंधूक दिसत होती. मग ती अळीकडं वाकली. अळीच्या अंगाची कड सरळ कुठंच नव्हती. सगळीकडं गाठी, उंचवटे, वेडीवाकडी.

"ब्रश आण," ती म्हणाली.

मी टेबल झाडाजवळ आणलं. अक्कानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी ब्रशचं टोक थरथरतच होतं. पहिली रेघ कागदावर टेकली ती हलली, पुढं गेली, पुन्हा हलली. मी टेबल हलू नये म्हणून ते धरून बसलो. बायकोनं गॅस बंद केला. तासाभरानं मी भिंगातून बघितलं, तर खालच्या पानावर अळी होती. माझ्यासारखे तपकिरीचे सात प्रकार तिच्यात नव्हते, तीन असतील. पण तिला तोंड होतं, आणि ते कुठं आहे हे लगेच कळत होतं. कागदाचा पोत गेलेला होता तिथं रंग थोडा फुटला होता. अळीचं अंग तसंच दिसतं. ती हलायच्या बेतात आहे असं वाटत होतं.

"हात हलत होता ना पण," मी म्हणालो.

"अळीपण हलत होती," अक्का म्हणाली. "साकु, पुरे आता. चहा कर. अर्धा."

चहा पिता पिता ती चित्राकडं बघून म्हणाली, की हे तिच्या मूळ बेतापेक्षा चांगलं झालं. एका काडीवर अळी आणि विष्ठा दोन्ही शेजारी शेजारी आहेत. अळी का वाचते, हे पोरांना आता न सांगता कळेल. मग मला म्हणाली, तुझं घालवायचं कारण नाही, ते फार बरोबर काढलंयस. चुकीचं काहीच नाही, फक्त नाव चुकलं होतं.

त्या संध्याकाळी मी चित्र घेऊन हुबळीला गेलो. फ्रेमवाल्यानं ते उजेडात धरून बघितलं आणि वरचं पान पुसायला खिशातला रुमाल काढला. मी वेळेत त्याचा हात धरला.

उद्घाटन थाटात झालं. धारवाडात कार्यक्रमाला कारण लागत नाही, अध्यक्ष लागतो. इथं अध्यक्षही होते, प्रमुख पाहुणेही होते आणि निवेदक या दोघांपेक्षा जास्त बोलत होता. शाली, हार, फळांच्या करंड्या. अक्काला शाल घातली, मलाही घातली. प्रमुख पाहुण्यांनी पाचही चित्रं हात मागं बांधून पाहिली. दुसऱ्यापाशी थांबले, वाकले, वरच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "वा! ही अळी म्हणजे अगदी जिवंत!" आणि पुढं साधना, एकाग्रता आणि कलावंताची सूक्ष्म दृष्टी यांवर बराच वेळ बोलले. अक्कानं त्यांना दुरुस्त केलं नाही. सातवीची दोन पोरं मात्र खालच्या पानाकडं बोट करून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. अक्काचं लक्ष त्यांच्याकडं होतं, आणि ती खूश दिसत होती.

चित्राखालच्या पट्टीवर काय लिहायचं, यावरून आमचा थोडा वाद झाला होता. मी 'चित्र: भाऊ आणि बहीण' असं सुचवलं. अक्का म्हणाली, विज्ञानाच्या खोलीत मोघम लिहायचं नसतं. कुणी काय काढलं ते स्पष्ट आलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी तिचं ऐकलं. त्यामुळं पितळेच्या त्या पट्टीवर आता असं कोरलेलं आहे: 'अळी: शाळेच्या निवृत्त विज्ञान शिक्षिका. पक्ष्याची विष्ठा: त्यांचे बंधू, वकील.' पट्टी कन्नड आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे.